ख्रिस्ती सिद्धांताचें एक प्रवेशपुस्तक

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत शास्त्रपाठाच्या तासाला आम्ही त्रैक्याचा विषय शिकवीत होतों. आमच्या गुरुजींनीं लहानपणीं आम्हांस जो दृष्टान्त दिला होता तोच आम्हीं मुलांपुढें मांडला. पाणी एकच, तें गोठलें म्हणजे बर्फ होतें, तापलें म्हणजे वाफ होतें, तसाच देव एक असून पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन रूपांनीं प्रगट होतो. वीस वर्षें हा दृष्टान्त आम्हीं दिला असेल, आणि वीस वर्षें मुलांनीं माना डोलावल्या असतील. या खेपेस मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, “सर, बर्फ वितळल्याशिवाय त्याचें पाणी होत नाहीं. मग गेथशेमाने बागेंत येशूनें प्रार्थना केली ती कोणाला? त्या वेळीं पिता कोठें होता?” वर्गांत हंशा पिकला. “हें गूढ आहे, खालीं बस,” असें सांगून आम्हीं धडा पुढें नेला. मुलगी खालीं बसली, परंतु तिचें समाधान झालें नव्हतें हें तिच्या चेहऱ्यावर दिसत होतें, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नव्हतें.

त्यानंतर दोनेक महिन्यांनीं शाळेच्या ग्रंथालयासाठीं पुस्तकें निवडतांना आलिस्टर मॅक्ग्रा यांचा ‘ख्रिश्चन थिऑलॉजी : ॲन इंट्रोडक्शन’ हा इंग्रजी ग्रंथ आमच्या हातीं आला. ख्रिस्ती सिद्धांतांचा पद्धतशीर अभ्यास करूं इच्छिणाऱ्या नवशिक्यासाठीं तो लिहिलेला आहे. अनुक्रमणिका नीटशी न पाहतांच आम्हीं त्रैक्याचें प्रकरण उघडलें. आमचा दृष्टान्त ज्या मतास जाऊन मिळतो तें मत तेथें नांवानिशीं हजर होतें. तिसऱ्या शतकांतील सबेल्लियस नांवाच्या शिक्षकाशीं तें जोडलें जातें. एकच देव कधीं पित्याच्या, कधीं पुत्राच्या, तर कधीं आत्म्याच्या रूपानें आपणास दाखवितो, एवढेंच काय तें तीनपण, असें तें मत. आणि मंडळीनें तें फार प्राचीन काळीं त्याज्य ठरविलें आहे. म्हणजे वीस वर्षें आम्ही मिशनच्या शाळेंत, पवित्र शास्त्र हातीं घेऊन, एक जुनें पाखंड शिकवीत होतों, आणि तें नववींतील एका मुलीनें पकडलें. ही गोष्ट लिहितांना संकोच होतो. तथापि या ग्रंथाविषयींचें आमचें मत कोठून निघालें हें वाचकांस कळावें म्हणून ती सांगणें प्राप्त आहे.

पुढें त्या मुलीनें हाच ग्रंथ ग्रंथालयांतून घरीं नेला. दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं तो तिच्या हातीं पाहिला, आणि ते आम्हांस भेटावयास आले. गृहस्थ मंडळीचे जुने सभासद व वाचनाची आवड असलेले आहेत. त्यांचें म्हणणें असें : “या पुस्तकांत सगळ्यांचींच मतें दिलीं आहेत. खरें कोणतें तें सांगितलेलेंच नाहीं. असें पुस्तक पंधरा वर्षांच्या पोरांच्या हातीं देऊन त्यांच्या विश्वासाचें तुम्ही काय करणार आहां?” प्रश्न रास्त होता, व त्याचें उत्तर आम्हीं त्या दिवशीं दिलें नाहीं. तें या लेखांत देण्याचें योजिलें आहे.

प्रथम ग्रंथकाराविषयीं थोडेंसें. मॅक्ग्रा यांचा जन्म १९५३ सालीं बेलफास्ट येथें झाला. तरुणपणीं ते नास्तिक होते. ऑक्सफर्ड येथें रसायनशास्त्र शिकत असतां ते ख्रिस्ती विश्वासाकडे आले. जीवभौतिकशास्त्रांत डॉक्टरेट मिळविल्यावर ईश्वरविज्ञानाकडे वळले व अँग्लिकन मंडळीचे पाळक झाले. या ग्रंथाची पहिली आवृत्ति १९९३ सालीं निघाली. आमच्या कपाटांत आहे ती सहावी. पानें पांचशेंच्या आसपास आहेत व छपाई बारीक आहे. प्रयोगशाळेंत वावरलेल्या माणसाची शिस्त पानोपानीं दिसते. वाचकास कांहींच ठाऊक नाहीं असें धरून लेखक चालतो. नवा शब्द आला कीं तेथल्या तेथें त्याचा अर्थ सांगतो. प्रत्येक प्रकरणाअखेर प्रश्न घालतो, आणि ग्रंथाच्या शेवटीं कठीण शब्दांचा कोश देतो. आमच्या कित्येक पाठ्यपुस्तकांच्या कर्त्यांनीं हा गुण उचलण्यासारखा आहे.

ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्यांत मंडळीच्या विचारांचा इतिहास. दुसऱ्यांत देवाविषयींचें ज्ञान कोणत्या साधनांनीं मिळतें, म्हणजे शास्त्र, परंपरा, बुद्धि व अनुभव यांचें परस्परांशीं नातें काय, याचा विचार. आणि तिसऱ्यांत देव, त्रैक्य, ख्रिस्त, तारण, पाप व कृपा, मंडळी, संस्कार, इतर धर्म व अंतिम गोष्टी असे एकेक सिद्धांत. दुसरा भाग शाळेंतील मुलांस जड जाईल. तो त्यांनीं खुशाल सोडावा.

इतिहास आधीं ठेवला आहे हें आम्हांस फार पसंत पडलें. मतांगिकार आमचीं मुलें दर रविवारीं म्हणतात. पण त्यांतील शब्द कोणीतरी झगडून मिळविलेले आहेत हें त्यांना कोण सांगतो? इ. स. ३२५ मध्यें निकेया येथें सभा भरली. पुत्र हा निर्माण केलेला आहे, मग तो कितीही श्रेष्ठ असो, असें आरियसचें म्हणणें. आणि तसें असेल तर जो स्वतःच निर्माण झालेला तो इतरांस तारील कसा, असा अथनेशियसचा सवाल. त्या सभेनंतर जो वाद माजला त्यांत ‘एकच तत्त्व’ व ‘समान तत्त्व’ या अर्थाचे दोन ग्रीक शब्द समोरासमोर उभे राहिले, आणि त्या दोहोंत फरक होता अवघ्या एका अक्षराचा. एका अक्षरासाठीं एवढा गदारोळ कशाला, असें हंसणारे पुष्कळ झाले. ज्यांनीं व्याकरणाच्या तासाला एका अनुस्वारापायीं गुण गमावले आहेत त्या आमच्या विद्यार्थ्यांनीं तरी हंसूं नये. सन २०२५ मध्यें त्या सभेस १७०० वर्षें पूर्ण झालीं. आमच्या मंडळींतून त्याचा उल्लेखही फारसा ऐकूं आला नाहीं.

दुसरें उदाहरण दोनातवाद्यांचें. सन ३०३ पासून रोमी बादशहाच्या छळांत कांहीं पाळकांनीं भिऊन शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवालीं केल्या. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेंत प्रश्न निघाला कीं, अशा माणसाच्या हातून झालेली दीक्षा खरी कीं खोटी? खोटी, असें दोनातवादी म्हणाले. संस्काराचें सामर्थ्य पाळकाच्या चांगुलपणांत नसून ख्रिस्तांत आहे, असें ऑगस्टीननें उत्तर दिलें. “पाळकच वाईट निघाला तर माझ्या बाप्तिस्म्याचें काय?” हा प्रश्न आमच्या वसतिगृहांतील मुलांनीं आम्हांस विचारलेला आहे, त्यांनीं ऑगस्टीनचें नांवही ऐकलें नव्हतें.

आतां त्रैक्याकडे पुन्हां येऊं, कारण आमचें दुखणें तेथेंच आहे. ‘त्रैक्य’ या अर्थाचा लॅटिन शब्द रूढ करणारा तर्तुल्यन हा आफ्रिकेंतील कार्थेज येथील लेखक. पिता, पुत्र व आत्मा यांस त्यानें जो शब्द लावला त्याचा मूळ अर्थ नाटकांत नट चढवितो तो मुखवटा. या एका माहितीनें आमच्या डोक्यांत लख्ख प्रकाश पडला. लॅटिन शब्दाच्या मुळाशीं मुखवटा आहे, म्हणून त्या भाषेंत विचार करणाऱ्यास घसरण्याची भीति एका बाजूला : नट एक, मुखवटे तीन. मराठींत आपण ‘व्यक्ति’ म्हणतों. व्यक्ति म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें तीन माणसें उभीं राहतात, तीं एका घरांत असलीं तरी तीनच. म्हणून आपली घसरण दुसऱ्या बाजूला, तीन देवांकडे. आणि शेजारीपाजारी “तुमचे तीन देव” असें म्हणतील या धाकानें आम्ही मराठी शिक्षक जे पळतों ते थेट बर्फ आणि वाफ यांच्या पदरांत जाऊन पडतों. ग्रंथकारास मराठी येत नाहीं, आणि हें त्यानें लिहिलेलें नाहीं. पण शब्द कोठून आला तें त्यानें सांगितलें म्हणूनच आमच्या शब्दाकडे आम्हांस परक्यासारखें पाहतां आलें.

मग खरा दृष्टान्त कोणता? तो या ग्रंथांत मिळत नाहीं, आणि आमच्या मतें तेंच योग्य आहे. बेसिल व दोघे ग्रेगरी यांनीं तिघांच्या परस्परांतील वासाविषयीं जें म्हटलें, ऑगस्टीननें पिता व पुत्र यांस जोडणाऱ्या प्रीतीविषयीं जें म्हटलें, तें सांगून लेखक थांबतो. पुढील आठवड्यांत आम्ही वर्गांत गेलों व “पाण्याचा दृष्टान्त चुकीचा होता, तुमच्या वर्गभगिनीचा प्रश्न बरोबर होता. पुत्रानें प्रार्थना केली व पित्यानें ती ऐकली; दोघे वेगळे नसते तर प्रार्थना हें नाटक ठरलें असतें,” एवढें सांगितलें. या वेळीं कोणी हंसलें नाहीं.

तारणाचें प्रकरण आम्हांस सर्वांत अधिक आवडलें. मराठी शास्त्रांत ख्रिस्ताच्या मरणास ‘खंडणी’ हा शब्द लाविला आहे. आजच्या मुलांस खंडणी म्हटली कीं वर्तमानपत्रांतील गुंड आठवतात, आणि ‘तारण’ म्हटलें कीं सावकाराकडे ठेवलेले दागिने. मोठीं माणसें याला थट्टा समजतात. पण खंडणी दिली तर ती कोणाला, हा प्रश्न तिसऱ्या शतकांत ओरिजेननें गंभीरपणें घेतला व “सैतानाला” असें उत्तर दिलें. पुढें कोणी त्यांत गळ आणि आमिष आणलें : ख्रिस्ताचा मानवदेह हें आमिष, त्याचें देवत्व हा गळ, आणि सैतान हा अधाशी मासा. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्म यांनीं ही कल्पना बाजूस सारली. ऋण आहे तें देवाचें, सैतानाचें कांहीं एक देणें नाहीं, असें त्यांनीं दाखविलें. त्यांच्या मागोमाग आलेल्या अबेलार्डनें क्रुसावरील प्रीति पाहून माणसाचें हृदय पालटतें यावर भर दिला. विसाव्या शतकांत स्वीडनच्या गुस्ताफ औलेन यांनीं मरण व अंधार यांवरील विजयाची प्राचीन कल्पना पुन्हां पुढें आणली. हें सर्व ओळीनें वाचल्यावर मुलास एक गोष्ट आपोआप कळते. शास्त्रांतील उपमा ज्या कामासाठीं दिली त्या कामापुरतीच ती न्यावी. पुढें ताणली कीं तिच्यांतून मासा बाहेर पडतो.

देवास दुःख होतें काय, हा भागही असाच मनांत राहण्यासारखा आहे. जें परिपूर्ण तें बदलत नाहीं, आणि जें बदलत नाहीं त्यास दुःख शिवत नाहीं, असें ग्रीक तत्त्वज्ञान शिकवी. मंडळीच्या जुन्या शिक्षकांवर त्याचा मोठा पगडा होता. युद्धांत होरपळलेल्या जपानांतून काझो कितामोरी यांनीं १९४६ सालीं देवाच्या वेदनेवर ग्रंथ लिहिला. जर्मनींत युर्गेन मोल्टमान यांनीं १९७२ सालीं क्रुसावर खिळलेल्या देवाविषयीं लिहिलें. ज्या घरांत नुकतेंच मरण झालें आहे तेथील मूल “देवाला वाईट वाटलें का?” असें विचारतें. त्या मुलास उत्तर देण्यापूर्वीं शिक्षकानें हीं पानें एकदां वाचलेलीं असावींत.

गुण झाले, आतां त्या पालकांच्या आक्षेपाकडे वळूं. ग्रंथकारानें प्रस्तावनेंतच स्पष्ट केलें आहे कीं, वाचकानें काय मानावें हें सांगणें हा आपला हेतु नसून ख्रिस्ती लोकांनीं काय मानलें तें समजावून देणें हा आहे. हा करार त्यानें इमानानें पाळला आहे, इतका कीं पंगतींतील वाढप्याप्रमाणें तो प्रत्येक पदार्थ प्रत्येकाच्या पानांत वाढतो, पण आपण स्वतः कशावर जेवतो तें कळूं देत नाहीं. नास्तिकपणांतून जो माणूस विश्वासाकडे आला, त्याला ख्रिस्ताविषयीं स्वतःचें कांहीं सांगावयाचें नसेल हें संभवत नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं त्यानें पुष्कळ सांगितलेंही आहे; येथें तें मुद्दाम आवरून धरलें आहे. विद्यापीठांतील विद्यार्थ्यास तें सोयीचें असेल. आमच्या मुलांस मात्र कांहीं पानांनंतर अशी शंका येऊं लागेल कीं, धर्म म्हणजे मतांची यादी, व शहाणा तो जो कोणतेंच मत आपलें म्हणत नाहीं. हा दोष आहे, आणि तो आम्ही लहान मानीत नाहीं.

याच्या उलट टोकाचें पुस्तक आमच्या ग्रंथालयांत पूर्वींपासून आहे. हॉलंडमध्यें जन्मलेले व अमेरिकेंत ग्रँड रॅपिड्स येथें शिकविणारे लुई बर्खोफ यांनीं १९३८ सालीं मोठ्या विद्यार्थ्यांसाठीं सिद्धांतांचा एक लहानसा सारग्रंथ काढला. त्यांत प्रत्येक प्रकरणाखालीं पाठ करण्याचीं वचनें आहेत, उजळणीचे प्रश्न आहेत, आणि खरें काय याविषयीं लेखकास तिळमात्र संशय नाहीं. तें कॅल्व्हिनच्या परंपरेंतील आहे व इतर परंपरांची बाजू तेथें थोडक्यांत आटोपली जाते. आमचे पालकबंधु म्हणतील, मग तेंच द्या. आमचें म्हणणें असें कीं तें आधीं द्यावें. पाढे पाठ नसलेल्या मुलानें बीजगणिताला हात घालूं नये. पण पाढ्यांवर थांबविलेल्या मुलास पुढें बाजारांत कोणीही फसवितो.

आणि प्रश्न ज्याच्या मनांत आधींच आला आहे त्याच्यापासून पुस्तक लपवून काय साधतें? पंडिता रमाबाईंचें उदाहरण घरचें आहे. सन १८८३ मध्यें वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला; आणि त्यानंतरच त्रैक्य, ख्रिस्ताचें देवत्व व मंडळीचा अधिकार यांविषयीं त्यांचा तेथील भगिनींशीं मोठा पत्रव्यवहार चालला. तीं पत्रें १९७७ सालीं छापून निघालीं आहेत. केवळ मंडळी सांगते म्हणून मानावें, हें त्यांस कबूल नव्हतें. आपल्या बुद्धीस व शास्त्रवाचनास पटेल तेंच त्या मानीत. कित्येकांस त्यांचा हा हट्ट म्हणजे गर्व वाटला. त्याच रमाबाईंनीं पुढें मूळ भाषा शिकून सगळें पवित्र शास्त्र मराठींत आणलें. त्या १९२२ मध्यें वारल्या व ग्रंथ १९२४ मध्यें मुक्ति येथून निघाला. ज्यांनीं प्रश्न विचारले त्यांच्याच हातून हें काम झालें, हें आम्हीं त्या पालकांस सांगावयास हवें होतें.

रमाबाईंचें नांव निघालें म्हणून ग्रंथाच्या दुसऱ्या उणिवेविषयीं लिहितों. त्याचा राजमार्ग भूमध्यसमुद्राच्या काठाहून निघून युरोपांतून अमेरिकेस जातो. इतर खंडांकडे तो वळतो तो बाजूच्या वाटेनें. मराठी वाचकानें तो मिटून ठेवल्यावर आपल्या घरचा हिशेब स्वतः मांडला पाहिजे. फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांत त्यांनीं उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंतची कथा घातली आहे, आणि ओवींत सिद्धांत कसा मावतो हें पाहणें हा स्वतंत्र अभ्यास आहे. नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ सालीं ख्रिस्ती झाले ते ख्रिस्ती मताचें संस्कृतांत खंडन करतां करतां, आणि पुढें त्यांनीं षड्दर्शनांची परीक्षा लिहिली. नारायण वामन टिळक यांस आपण तुकारामाच्या वाटेनें ख्रिस्ताकडे आलों असें वाटे.

हें टिळकांचें वाटणें इतर धर्मांविषयींच्या प्रकरणांत कोठें बसवावें तें आम्हांस उमगलें नाहीं. त्या प्रकरणांत तीन कप्पे आहेत. ख्रिस्ताच्या प्रगटीकरणावांचून मार्ग नाहीं असें म्हणणाऱ्यांचा एक. त्यांत हेंड्रिक क्रेमर येतात, ज्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९३८ सालीं मद्रासजवळ तांबरम येथें भरलेल्या मिशनरी परिषदेसाठीं लिहिला गेला. ख्रिस्ताची कृपा इतर धर्मांतील माणसांसही नकळत पोंचते असें म्हणणाऱ्या कार्ल रानर यांचा दुसरा. आणि सर्व धर्म एकाच सत्याकडे जातात असें म्हणणाऱ्या जॉन हिक यांचा तिसरा. मांडणी स्वच्छ आहे. पण ज्या वर्गांत एकाच बाकावर ख्रिस्ती, हिंदु, बौद्ध व मुसलमान मुलें बसून एकाच डब्यांतून खातात, तेथें हे कप्पे दूरवरून रेखलेले वाटतात. टिळक तिन्हींपैकीं एकांतही नीट मावत नाहींत. तुकाराम त्यांनीं सोडला नाहीं, आणि ख्रिस्ताची बरोबरीही कोणाशीं केली नाहीं. या प्रकरणावर चर्चा करावयाची तर शिक्षक जवळ असावा.

एकंदरींत ग्रंथ घेण्याजोगा आहे असें आमचें मत आहे. घरीं विकत घेण्याइतका तो स्वस्त नाहीं, व घाईनें वाचण्याजोगाही नाहीं. शालान्त परीक्षा झालेल्या विद्यार्थ्यांनीं तिसऱ्या भागांतील ख्रिस्त व तारण यांवरील प्रकरणें प्रथम वाचावींत, नंतर त्रैक्य, नंतर इतिहास. नववी-दहावीच्या मुलांनीं एकट्यानें वाचूं नये. त्यांच्यासाठीं येत्या सत्रापासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर एक तास वाचन ठेवण्याचें योजिलें आहे. एक प्रकरण आम्ही मराठींत समजावून सांगूं, आणि बर्खोफ यांचें तेंच प्रकरण शेजारीं ठेवूं. येणें न येणें सर्वस्वी ऐच्छिक आहे. इतर धर्मांतील मुलांस येण्याची इच्छा असल्यास त्यांनीं आईवडिलांची चिठ्ठी आणावी. ख्रिस्ती मुलांनींही आणावी. ज्या पालकांस हरकत असेल त्यांनीं ती आम्हांस प्रत्यक्ष येऊन सांगितल्यास आम्हांस आनंदच होईल, आणि त्यांना वेळ असेल तर त्या तासाला मागच्या बाकावर त्यांच्यासाठींही जागा आहे.